विद्यापीठाचा नंबर नको, पोरांचा प्रश्न बघा : परदेश शिष्यवृत्ती देणाऱ्यांना एक खुलं पत्र

प्रति,
परदेश शिष्यवृत्ती देणारे महाराष्ट्र शासनाचे सगळे विभाग, आणि कांदळवन प्रतिष्ठान.

नमस्कार.

मी अलिबाग तालुक्यात, खारेपाटात, ज्युनियर कॉलेजला बायोलॉजी शिकवतो. डिसेंबर उजाडला की माझ्याकडे जुनी पोरं यायला लागतात, कोणाचं पर्यावरणशास्त्रात एमएससी झालेलं असतं, कोणाचं झूलॉजीत, कोणी फिशरीज करून आलेलं, आणि सगळ्यांचं मागणं एकच, सर बाहेर जायचंय रिसर्चला, जरा एसओपी, म्हणजे कशाला जायचंय ते सांगणारा अर्जाबरोबरचा निबंध, बघून द्या ना. मग आम्ही बसतो, मी वाचतो, खुणा करतो, पोरं परत लिहितात. या पोरांना मी लहानपणापासून ओळखतो, त्यांच्या आईबापांनाही ओळखतो, आणि हे पत्र त्यांच्यासाठी लिहितोय.

आधी हे सांगतो की तुमच्या योजनांमुळे खूप काही झालंय, ते मी डोळ्यांनी बघितलंय. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती आहे म्हणून ज्यांच्या घरात कोणी मुंबईच्या पुढे गेलं नव्हतं अशी पोरं विमानात बसली. कांदळवन प्रतिष्ठानाने तर खास समुद्र आणि सागरी जैवविविधता शिकायला बाहेर जाणाऱ्यांसाठी वर्षाला 25 जणांची शिष्यवृत्ती काढली, किनाऱ्यावरच्या पोरांसाठी एवढी मोठी गोष्ट याआधी कोणी केली नव्हती. त्यामुळे योजना चुकीच्या आहेत असं माझं म्हणणं नाही. माझं म्हणणं एकाच जागी अडकलंय, तुम्ही पोरं निवडता कशावरून.

बहुतेक सगळ्या सरकारी परदेश शिष्यवृत्त्यांमध्ये अट असते ती विद्यापीठाच्या जागतिक रँकिंगची. क्यूएस नावाची संस्था जगातल्या विद्यापीठांना नंबर देते, त्या रँकिंगमध्ये पहिल्या इतक्या नंबरात विद्यापीठ असेल तरच अर्ज करा. इंजिनिअरिंगला, एमबीएला हे एक वेळ चालत असेल, मला त्यातलं कळत नाही. पण पर्यावरणाच्या रिसर्चला ही अट लावली की नेमकी कामाची दारं बंद होतात. कशी ते आमच्याच गावच्या उदाहरणावरून सांगतो, कारण लांबचं सांगून कोणाला पटत नाही.

आमच्याकडे भातशेती खाडीच्या पाण्याच्या पातळीला आहे, काही ठिकाणी भरतीच्या पातळीच्या खालीच. बाहेरून मातीचा बंधारा, आणि त्याला ठिकठिकाणी उघाड्या. ओहोटीला उघाडीचं दार आतल्या पाण्याने बाहेर ढकललं जातं आणि पावसाचं पाणी खाडीत निघून जातं, भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या जोराने दार मिटतं आणि खारं पाणी बाहेरच राहतं. एवढी साधी गोष्ट आहे, पण त्यावर गावंच्या गावं जगतायत, 1979 साली खारजमीन विकासाचा कायदा झाला तो यासाठीच. आता हा बंधारा मातीचा, त्यात खेकडे बिळं करतात, एखाद्या बिळातून पाणी झिरपायला लागतं, वेळेवर कोणी चिखल घातला नाही तर पुढच्या उधाणाला तिथेच खांड पडते. एकदा खांड पडली आणि आठ-पंधरा दिवसांत बुजवली नाही की शेतात खारं पाणी, भात गेला, पुढची दोनतीन वर्षंही गेली. आणि मग भरतीबरोबर तिवरांचं, म्हणजे कांदळवनातल्या झाडांचं, बी येतं आणि रुजतं. सुरुवातीला गुडघ्याएवढी रोपं, बघता बघता माणूस दिसणार नाही एवढं जंगल.

इथून खरी अडचण सुरू होते. सातबारा शेतकऱ्याच्या नावावर, जमिनीवर कांदळवन. मुंबई हायकोर्टाने 2005 मध्ये कांदळवन तोडीला बंदी घातली, 2018 मध्ये अंतिम निकाल दिला, आणि तो खाजगी जमिनीवरच्या कांदळवनालाही लागू आहे. हा निकाल योग्यच आहे असं मी वर्गात ठासून सांगतो. निसर्ग वादळ 3 जून 2020 ला आमच्याच किनाऱ्यावर येऊन आदळलं, तेव्हा मोकळ्या जागेत आणि तिवरांच्या मागे काय फरक होता तो आम्ही अनुभवलाय, जिताडा आणि कोलंबीची पिल्लं वाढतात ती याच मुळांमध्ये. पण ज्याची दोन एकर जमीन होती आणि त्यावर घर चालत होतं त्या माणसाला मी काय सांगू? बंधारा फुटला यात त्याचा दोष नाही, तिवर उगवली यातही त्याचा दोष नाही. त्याला भरपाई कुठल्या हिशोबाने द्यायची, बंधारा परत बांधला तर तिवरांचं काय होतं, उघाडी थोडी उघडी ठेवून काही भागात तिवर आणि काही भागात भात असं जमतं का, माती परत गोडी व्हायला किती पावसाळे लागतात, यातल्या एकाही प्रश्नाचं ठाम उत्तर आज गावात कोणाकडे नाही. आणि 2021 च्या वन सर्वेक्षण अहवालात महाराष्ट्राचं कांदळवन 324 चौरस किलोमीटर दाखवलंय, ते वाढलं की पेपरात आनंदाची बातमी येते, पण त्यातलं किती फुटलेल्या बंधाऱ्याच्या आत उगवलंय हे कोणी विचारत नाही.

माझी एक विद्यार्थिनी होती, नाव सांगत नाही, तिच्या घरची जमीन अशीच गेलेली. एमएससीच्या प्रोजेक्टला तिने हाच विषय घेतला. हातात पाण्याचा खारेपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर, त्याच्या काचेवर पाण्याचे दोन थेंब टाकायचे, झाकण लावून उजेडाकडे धरायचं आणि निळा-पांढरा पट्टा जिथे मिळतो ती रेघ वाचायची. भरतीला एकदा, ओहोटीला एकदा, बंधाऱ्याच्या आत, बाहेर, खांडीच्या तोंडाशी. सोबत तिचे आजोबा असायचे, ते हातातली काठी टेकवून सांगायचे की पुढची खांड या वळणावर पडणार कारण इथे प्रवाह घासतो, आणि पोरगी ते जीपीएसवर मार्क करून ठेवायची. तिच्या वहीत जेवढी माहिती आहे तेवढी या खाडीबद्दल एका जागी दुसरीकडे कुठे असेल असं मला वाटत नाही.

तिला पुढे हेच शिकायचं होतं. आणि जगात हे शिकायच्या जागा आहेत. जर्मनीत ब्रेमेनला उष्णकटिबंधातल्या समुद्राचा आणि किनाऱ्याचा अभ्यास करणारी झेडएमटी ही संस्था आहे, त्या लोकांनी ब्राझीलच्या कांदळवनात वर्षानुवर्षं काम केलंय, झाडांवर, खेकड्यांवर, आणि त्या खेकड्यांवर जगणाऱ्या माणसांवरसुद्धा. ब्रेमेन विद्यापीठात आयसॅटेक नावाचा मास्टर्स कोर्सच आहे, उष्णकटिबंधातल्या जलपरिसंस्थांचा. हॉलंडमध्ये डेल्फ्टला आयएचई आहे, 1957 पासून फक्त पाणी हाच विषय, आणि विद्यार्थी मुख्यतः आपल्यासारख्या देशांतले. व्हिएतनाममध्ये मेकाँग नदीच्या त्रिभुज प्रदेशात कान थो विद्यापीठ आहे, तिथले शेतकरी पावसाळ्यात भात आणि उन्हाळ्यात खारं पाणी आत घेऊन कोलंबी असं आलटून पालटून करतात आणि विद्यापीठ त्यांच्या बांधावर जाऊन संशोधन करतं. आता यातली कुठली जागा रँकिंगच्या यादीत बसते? ब्रेमेन आणि कान थो पहिल्या 300 मध्ये नाहीत. आयएचई तर त्या यादीतच येत नाही कारण तिथे पदवीचे वर्ग नाहीत, नुसतं पदव्युत्तर आणि पीएचडी.

समुद्रातल्या प्रवाळांचंही तेच. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर अँग्रिया बँक नावाचं पाण्याखालचं पठार आहे, तिथल्या प्रवाळांवर उद्या आपल्याला माणसं लागणार आहेत. प्रवाळ शिकायला जगात कुठे जायचं असं कोणत्याही जाणकाराला विचारा, ऑस्ट्रेलियातल्या टाउन्सव्हिलच्या जेम्स कुक विद्यापीठाचं नाव पहिल्या काही नावांत येईल, ग्रेट बॅरियर रीफ त्यांच्या दारात आहे. सगळ्या विषयांच्या मिळून रँकिंगमध्ये ते 300 च्या बाहेर. वेल्समधलं बँगोर, समुद्रविज्ञानासाठी नावाजलेलं, तेही बाहेर. मत्स्यशेतीसाठी स्कॉटलंडमधलं स्टर्लिंग, तेही बाहेर. वाखेनिंगनसारखी काही चांगली ठिकाणं यादीत आहेत हे मान्य, पण ती आहेत म्हणून बाकीच्यांना कुलूप का?

एकूण रँकिंग काढताना मेडिकल, मॅनेजमेंट, कंपन्या त्या विद्यापीठाबद्दल काय म्हणतात, परदेशी विद्यार्थी किती, असलं सगळं एकत्र मोजतात, त्यात एका खाडीच्या काठावर पंचवीस वर्षं चिखलात उभं राहून काम करणाऱ्या छोट्या विभागाचं वजन ते किती पडणार.

मग आमच्या पोरीने काय केलं? एका योजनेत अर्ज करायचा म्हणून यादीत बसणारं एक मोठं विद्यापीठ शोधलं, तिथे सस्टेनेबिलिटी मॅनेजमेंट नावाचा एक वर्षाचा कोर्स मिळाला, फी प्रचंड, ती शिष्यवृत्तीतून गेली. वर्षभरात तिने चिखलात पाय घातला नाही. कंपन्यांचे रिपोर्ट कसे लिहायचे ते शिकली, आता तिकडेच एका कन्सल्टन्सीत आहे, चांगलं कमावते, तिच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही, तिने घर सावरलं. पण ती वही माझ्या कपाटात आहे आणि खांड आहे तिथेच आहे.

आणि पैशाचं गणित बघा ना साहेब, तुम्हाला तर ते आधी दिसायला हवं. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नाहीच, ब्रेमेनला सेमिस्टरचं ठराविक शुल्क भरलं की झालं. म्हणजे जिथे एका पोराच्या नुसत्या फीवर तीस-पस्तीस लाख जातात तेवढ्यात फी नसलेल्या ठिकाणी एका पोराचं दोन वर्षांचं राहणं-खाणं निघून वर पैसे उरतील. रँकिंगच्या अटीमुळे तुम्ही महागड्या जागांना पैसे देताय आणि स्वस्तातल्या चांगल्या जागा सोडताय, हे कोणीतरी टेबलावर बसून नीट मोजून बघा एकदा.

आता मालवणचं एक उदाहरण देतो. शंकर पुरुषोत्तम आघारकर, 1884 चा जन्म, मालवणचे. पुण्यातल्या ज्या आघारकर संशोधन संस्थेचं नाव तुम्ही घेता ते हे. तरुण वयात या माणसाने पश्चिम घाटातल्या नद्यांत गोड्या पाण्यातली जेलीफिश शोधली. 1914 मध्ये कलकत्ता विद्यापीठाच्या फेलोशिपवर बर्लिनला गेले, तेवढ्यात पहिलं महायुद्ध लागलं आणि शत्रूदेशाचा नागरिक म्हणून जर्मनांनी त्यांना स्थानबद्ध केलं. तरी अभ्यास सोडला नाही, 1919 ला पीएचडी घेतली. विषय काय होता तर वायव्य भारतातल्या कोरड्या आणि खाऱ्या जमिनीतल्या वनस्पती, त्या कशा पसरतात आणि मूळच्या कुठल्या. गाईड जर्मन, लायब्ररी जर्मन, प्रबंध जर्मन भाषेत, पण प्रश्न भारतातल्या मातीचा, त्यातही खाऱ्या मातीचा! परत आले, कलकत्त्याला निवृत्त होईपर्यंत शिकवलं आणि 1946 ला पुण्यात संस्था उभी केली. त्यांना पाठवताना बर्लिनचा जगात नंबर किती हे कोणी बघितलं नव्हतं, वनस्पतींच्या प्रसाराचा त्या काळचा सगळ्यात मोठा जाणकार तिथे होता म्हणून बर्लिन.

उलट 2022 मध्ये केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपमध्ये काय झालं आठवतंय ना, अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजुरांच्या पोरांसाठीची ती योजना, तिच्या नियमांत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतातल्या समाजाचा अभ्यास हे विषय वगळून टाकले. भारताचा अभ्यास भारतातच होतो, त्याला बाहेर कशाला, असं त्यामागचं म्हणणं. मला हे अजिबात पटत नाही. आमच्या खारबंधाऱ्याचा प्रश्न घ्या, त्यात माती आहे, पाणी आहे, झाड आहे, आणि गावाने एकत्र येऊन बंधारा राखायची जुनी पद्धत पण आहे, तो समाजाचा अभ्यासच झाला. तो मेकाँगच्या शेजारी ठेवून बघितला, हॉलंडच्या शेजारी ठेवून बघितला तर आपल्याला जास्त कळेल. हॉलंडमध्ये 2022 ला हेडविगे पोल्डरचा (पोल्डर म्हणजे बांध घालून मिळवलेली जमीन) बांध मुद्दाम फोडला आणि शेतजमीन खाडीला परत दिली, त्याआधी कित्येक वर्षं तिथे जमीनमालक, गावकरी, कोर्ट आणि सरकार यांच्यात रण माजलं होतं. म्हणजे ज्या देशाने जगाला बांध घालायला शिकवलं तिथेसुद्धा आमच्यासारखंच भांडण आहे. आमचं एखादं पोर त्या भांडणाच्या फायली वाचून आलं, जमीनमालकाला पैसे कसे ठरवले, निसर्गाला किती जागा दिली हे समजून आलं, तर इथल्या प्रांत ऑफिसात बसून ते नीट बोलू शकेल. राज्याच्या योजनांमध्ये तरी असली विषयबंदी कधी येऊ देऊ नका, उलट महाराष्ट्रातला प्रश्न घेऊन जाणाऱ्याला जास्तीचे मार्क द्या.

निवड कशी करायची मग, असं तुम्ही विचाराल. पोराला दोन पानं लिहायला सांगा, मराठीत चालेल असं स्पष्ट छापा, की कुठला प्रश्न घेऊन चाललायस, कुठल्या गाईडकडे, त्या गाईडने त्यावर काय काम केलंय, आणि इथे परत येऊन कुठल्या खाडीवर, डोंगरावर, नदीवर ते वापरणार. ती पानं वाचायला गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतली, पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रातली, रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयातली माणसं बसवा, ती दहा मिनिटांत सांगतील की हे पोर खरं आहे की नाही आणि निवडलेली जागा त्या विषयाला बरोबर आहे की नाही. रँकिंग लागतंच असेल तर निदान विषयाचं बघा आणि ज्या संस्था यादीतच येत नाहीत त्यांच्यासाठी या समितीला अधिकार द्या. कांदळवनच्या 25 किंवा शाहू शिष्यवृत्तीच्या 75 जागांसाठी आलेले अर्ज माणसांनी वाचणं काही अवघड नाही, गैरप्रकाराची भीती असेल तर निवडलेल्यांची पानं वेबसाइटवर टाका, सगळे वाचतील.

फील्डवर्कचंही बघा. पर्यावरणाच्या पीएचडीत पोरगं दोन पावसाळे इथे येऊन राहिलं तरच काम होतं, त्या काळात शिष्यवृत्ती थांबणार असेल तर ते पोर नाइलाजाने तिकडच्याच कुठल्यातरी तळ्यावर काम करणार. इथे घालवलेले महिने शिकण्यातच धरा, प्रवासाचा, बोटीचा, मातीच्या तपासणीचा खर्च द्या.

अजून एक गोष्ट, जिच्यावर शहरातल्या लोकांचं लक्ष जात नाही. शिष्यवृत्ती मिळायच्या आधीच खर्च सुरू होतो. आयएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची फी सतरा-अठरा हजार, जर्मनीला जायचं तर आपली कागदपत्रं खरी असल्याचं एपीएस सर्टिफिकेट 18,000, ट्रान्सक्रिप्टला, म्हणजे सगळ्या मार्कांच्या उताऱ्याला, विद्यापीठात फेऱ्या, काही विद्यापीठांची अर्जाची फी वेगळी. जर्मनीच्या व्हिसाला ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठराविकच पैसे काढता येणारं खातं) 11,904 युरो दाखवायचे, म्हणजे दहा लाखांच्या वर. ज्याच्या बापाची शेती खाऱ्या पाण्यात गेलीय त्याने हे कुठून आणायचं, निवड व्हायच्या आधी त्याला कोण देणार, बँक तर दारात उभं करत नाही. हुशार पोरं इथेच गळतात, तुमच्या अर्जापर्यंत पोचतच नाहीत, त्यामुळे ती तुमच्या आकडेवारीत कधी दिसणारही नाहीत. तालुक्याला पाच-दहा पोरांना या परीक्षेचे आणि कागदांचे पैसे आधी दिले तरी फार मोठी रक्कम होत नाही.

आणि यादी वेळेवर लावा हो. तिकडे सप्टेंबर-ऑक्टोबरला वर्ग सुरू होतात, व्हिसाच्या अपॉइंटमेंटला महिने जातात, आणि एका योजनेची यादी लागली तेव्हा आमच्या एका पोराचे तिकडचे सहा आठवडे शिकवून झाले होते, विद्यापीठाने सीट पुढच्या वर्षावर ढकलली म्हणून तो वाचला. जूनअखेर यादी, जुलैत पत्र हातात, एवढं जमवा.

परत आल्यावर काय, हा प्रश्न मला पोरांपेक्षा त्यांचे आईबाप जास्त विचारतात. आज परत येणाऱ्याला मिळतं काय, अकरा महिन्यांचं कंत्राट, प्रोजेक्ट संपला की घरी. सरकारने इतके पैसे घालून माणूस तयार केला, मग त्याच्यासाठी दोन वर्षांची एक जागा धरून ठेवायला काय हरकत आहे? कांदळवन कक्ष 2012 पासून आहे, खारभूमी विभाग आहे, मत्स्य विभाग आहे, तिथे त्याला त्याचाच प्रश्न घेऊन बसवा, पगार बरा द्या आणि एक अट घाला, जी मला रँकिंगच्या अटीपेक्षा कितीतरी महत्त्वाची वाटते. जे शोधलं ते मराठीत लिहून ज्या गावात मोजमाप केलं त्या गावच्या ग्रामसभेत वाचून दाखवायचं, आणि आकडे ग्रामपंचायतीत ठेवायचे. आमच्या बंधाऱ्यावर आजवर कितीतरी संशोधक येऊन गेले, इथल्यांनी त्यांना होडी दिली, जेवण दिलं, चिखलातून वाट दाखवली, आणि त्यांचे पेपर इंग्रजीत कुठेतरी छापून आले, गावाला कागदाचा तुकडा मिळाला नाही.

पुढच्या जाहिरातीचा मसुदा करायच्या आधी एकदा अलिबाग किंवा पेणला बैठक लावा, पौर्णिमा-अमावस्येच्या उधाणाची तारीख बघून लावा म्हणजे बंधाऱ्यावर काय होतं ते समोरच दिसेल. मी पोरांना घेऊन येतो, काही परदेशातून ऑनलाइन जोडली जातील, ज्यांचे अर्ज रँकिंगवरून बाद झाले तीही येतील आणि ती वहीसुद्धा घेऊन येतो. चहापाण्याची सोय गाव करेल, तुम्ही फक्त तारीख कळवा.

आपला,
खारेपाटातला एक शिक्षक
ता. अलिबाग, जि. रायगड